धूळ, ध्रुवण आणि पारितोषिक : ब्रायन कीटिंग यांच्या ‘लूझिंग द नोबेल प्राइझ’ या ग्रंथाची चिकित्सा

सारांश : वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या ध्रुवणाचे मापन हा समकालीन विश्वरचनाशास्त्रातील अत्यंत अवघड प्रयोगांचा विषय आहे. २०१४ मध्ये ‘बायसेप-२’ या प्रयोगाने केलेली घोषणा आणि २०१५ च्या आरंभी तिच्या निष्कर्षाला मिळालेला नकार ही या क्षेत्रातील सर्वाधिक चर्चिली गेलेली घटना होय. या प्रयोगमालेच्या मूळ कल्पनेशी निगडित असलेले भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कीटिंग यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चुकीचे खापर मुख्यतः नोबेल पारितोषिकाच्या मोहावर फोडले आहे. प्रस्तुत लेखात त्या ग्रंथाचा आशय मांडून त्यातील कार्यकारणभाव तपासला आहे. चुकीचे निकटचे कारण पारितोषिकात नसून मापनाच्या रचनेत होते आणि ग्रंथाने सुचविलेला उपाय त्या कारणाला स्पर्श करीत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी, ध्रुवण, बी-घटक, आंतरतारकीय धूळ, बायसेप-२, नोबेल पारितोषिक.

१. प्रास्ताविक

१७ मार्च २०१४ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात झालेल्या पत्रकार परिषदेने जगभरच्या वृत्तपत्रांची पहिली पाने व्यापली. विश्वाच्या जन्मानंतरच्या अत्यल्प क्षणात निर्माण झालेल्या गुरुत्वीय लहरींची खूण दक्षिण ध्रुवावरील एका छोट्या दुर्बिणीला सापडली, असा दावा त्या दिवशी करण्यात आला. स्फीती-सिद्धांताचे एक जनक आंद्रेई लिंडे यांच्या दारात एक सहकारी ही वार्ता घेऊन येतो आणि शॅम्पेनची बाटली उघडली जाते, ही चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली. दहा-अकरा महिन्यांतच, ३० जानेवारी २०१५ रोजी, त्याच संशोधकांनी युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘प्लांक’ उपग्रहाच्या चमूसह जाहीर केले की, दिसलेल्या संकेतातून आपल्या आकाशगंगेतील धुळीचा वाटा वजा केला असता आद्य गुरुत्वीय लहरींचा पुरावा शिल्लक राहत नाही.

विज्ञानाच्या इतिहासात चुका विरळ नाहीत. तथापि चुकीची अंतर्गत कथा त्या प्रयोगाच्या जन्माशी संबंधित असलेल्या व्यक्तीने सांगावी, हे विरळ आहे. म्हणूनच ‘लूझिंग द नोबेल प्राइझ’ या ग्रंथाची दखल केवळ लोकप्रिय विज्ञानसाहित्य म्हणून न घेता, विज्ञानाच्या समाजशास्त्रातील एक युक्तिवाद म्हणून घेणे उचित ठरते.

२. ध्रुवणाच्या मापनाचे स्वरूप

ग्रंथाच्या मूल्यमापनापूर्वी मापनाचा विषय स्पष्ट करणे अगत्याचे आहे. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व पुरेसे थंड झाले, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाशाचा मार्ग मोकळा झाला. तोच प्रकाश आज २.७२५ केल्विन तापमानाचे प्रारण म्हणून सर्व दिशांनी आपल्यापर्यंत येतो. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना त्याचा शोध १९६४-६५ मध्ये लागला. त्यातील सुमारे लाखात एक इतके सूक्ष्म तापमानभेद ‘कोबे’ उपग्रहाने १९९२ मध्ये दाखविले.

या प्रारणाला तापमानाखेरीज आणखी एक गुण असला पाहिजे, हे मार्टिन रीस यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते. मुक्त इलेक्ट्रॉनवर एकमेकींशी काटकोनात असलेल्या दिशांनी असमान तीव्रतेचा प्रकाश पडला, तर विखुरलेल्या प्रकाशाच्या कंपनांना एक विशिष्ट दिशा प्राप्त होते. यालाच ध्रुवण म्हणतात. ते मोजण्यास २००२ साल उजाडावे लागले. दक्षिण ध्रुवावरील ‘डासी’ या व्यतिकरणमापकाने ते प्रथम नोंदविले.

आकाशाच्या पटावरील ध्रुवणाच्या आकृतिबंधाचे दोन भाग पडतात. आरशात पाहिले असता जो बदलत नाही तो ई-घटक आणि ज्याचे वळण उलटते तो बी-घटक. आदिविश्वातील घनतेच्या चढउतारांमुळे प्रथमतः केवळ ई-घटक निर्माण होतो, गुरुत्वीय लहरींमुळे मात्र दोन्ही घटक निर्माण होतात. ही भेदरेषा १९९६-९७ मध्ये कामिओनकोवस्की, कोसोवस्की व स्टेबिन्स यांनी आणि स्वतंत्रपणे सेल्जाक व झाल्डारिआगा यांनी स्पष्ट केली. त्यामुळे एक-दोन अंशांच्या व्याप्तीवरील बी-घटक म्हणजे आद्य गुरुत्वीय लहरींची खूण, असे समीकरण रूढ झाले. गुरुत्वीय लहरी आणि घनतेचे चढउतार यांच्या प्रमाणास ‘आर’ ही संज्ञा देण्यात येते.

अडचण अशी की, हा संकेत एका केल्विनच्या कोटीव्या भागाच्या आसपासचा आणि तो उत्पन्न करू शकणारी इतरही कारणे आहेत. वाटेतील दीर्घिकांच्या गुरुत्वाकर्षणाने ई-घटकाचा काही अंश वळून बी-घटक होतो, पण तो प्रामुख्याने लहान कोनीय व्याप्तीवर. याहून अधिक फसवे कारण आपल्या अंगणातले आहे. आकाशगंगेतील धुळीचे लांबट कण तेथील चुंबकीय क्षेत्रानुसार विशिष्ट पद्धतीने रांगेत राहतात आणि त्यांचे औष्णिक प्रारण ध्रुवित असते. ते ई आणि बी असा भेद पाळत नाही. मूळ प्रारण आणि धूळ यांना वेगळे करण्याचा खात्रीचा मार्ग एकच : अनेक वारंवारतांवर मापन. धुळीची तेजस्विता वारंवारतेबरोबर ज्या रीतीने वाढते, ती रीत मूळ प्रारणाची नाही.

३. ग्रंथाचा आशय

कीटिंग यांच्या ग्रंथात तीन धागे एकत्र विणलेले आहेत. पहिला धागा आत्मचरित्राचा आहे. त्यांचे जन्मदाते वडील जेम्स अ‍ॅक्स हे नामांकित गणितज्ञ. बालपणीच दुरावलेल्या या पित्याशी असलेली अव्यक्त स्पर्धा आणि त्यांना लाभला नाही असा सर्वोच्च सन्मान आपण मिळवावा ही आकांक्षा लेखक आडपडदा न ठेवता कबूल करतात. कॅल्टेक येथे अँड्र्यू लँग यांच्या हाताखाली काम करताना बायसेपची कल्पना कशी आकाराला आली, हा भाग ग्रंथातील सर्वांत जिवंत भाग होय. लँग यांचे जानेवारी २०१० मध्ये झालेले निधन लेखकाने संयमाने आणि आत्मीयतेने चितारले आहे.

दुसरा धागा विश्वरचनाशास्त्राच्या इतिहासाचा आहे. गॅलिलिओपासून विसाव्या शतकातील वादांपर्यंतचा हा प्रवास सांगताना लेखक धुळीला सूत्र म्हणून वापरतात. खगोलशास्त्रज्ञांना धुळीने वारंवार चकविले आहे, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे.

तिसरा धागा वादाचा आहे. नोबेल पारितोषिकाच्या चौकटीतील दोष त्यांनी ‘भग्न भिंगां’च्या रूपकातून मांडले आहेत : श्रेयाचा प्रश्न, पैशाचा प्रश्न आणि सहकार्याचा प्रश्न. एका पारितोषिकाचे तीनच मानकरी असू शकतात, मरणोत्तर सन्मान दिला जात नाही आणि शेकडो जणांनी मिळून केलेले काम दोन-तीन नावांत कोंबले जाते. आल्फ्रेड नोबेल यांच्या १८९५ च्या मृत्युपत्राचा मूळ हेतू आणि आजची प्रथा यांत पडलेले अंतर लेखक दाखवून देतात आणि सुधारणाही सुचवितात. मरणोत्तर सन्मानाला मुभा द्यावी, तीनची मर्यादा काढावी या त्यांतील प्रमुख होत.

या तिन्ही धाग्यांना जोडणारा मध्यवर्ती दावा असा : नोबेलच्या मोहाने गुप्तता वाढली, घाई झाली, पर्यायी शक्यता दुर्लक्षिली गेली आणि त्यातून बायसेप-२ ची चूक घडली.

४. प्रत्यक्षात काय चुकले

या दाव्याचे परीक्षण करण्यासाठी चुकीचे नेमके स्थान निश्चित करणे आवश्यक आहे. बायसेप-२ ही केवळ २६ सेंटीमीटर व्यासाची भिंगांची दुर्बीण. तिच्यात ५१२ संवेदक होते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवरील कोरड्या ध्रुवीय हवेत तिने २०१० ते २०१२ असे तीन हंगाम आकाशाच्या सुमारे ३८० चौरस अंशांच्या एकाच तुकड्यावर नजर रोखली. परिणामी तिने साधलेली संवेदनक्षमता त्यापूर्वी कोणी साधली नव्हती. मापनाची विभागणी करून एका भागातून दुसरा वजा करण्याच्या अनेक चाचण्या संशोधकांनी केल्या. यंत्राच्या दोषातून उद्भवलेला खोटा संकेत अशा चाचण्यांत उघडा पडतो. तो पडला नाही, कारण संकेत खोटा नव्हताच.

येथे एक भेद ठळकपणे लक्षात घेतला पाहिजे. बायसेप-२ चे मापन चुकले नाही, मापनाचा अर्थ चुकला. आकाशात बी-घटक खरोखरच होता आणि नंतरच्या निरीक्षणांनी तो मान्य केला. मात्र वरील सर्व चाचण्या यंत्राच्या परीक्षा होत्या. संकेत दूरच्या विश्वातून येतो की जवळच्या धुळीतून, या प्रश्नाला त्या स्पर्शही करीत नव्हत्या. बायसेप-२ चे सर्व संवेदक १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर केंद्रित होते. संवेदनक्षमता मिळविण्यासाठी केलेली ही निवड होती आणि तिची किंमत म्हणजे धूळ ओळखण्याची क्षमता गमावणे.

‘आर’चे मूल्य ०.२० असून शून्य मूल्य सात सिग्मा पातळीवर नाकारले जाते, हे विधान त्यामुळेच फसवे ठरले. सिग्माची संख्या यादृच्छिक चढउतारांमुळे संकेत दिसण्याची शक्यता सांगते. प्रतिकृतीत ज्या कारणाला पुरेसे स्थानच दिलेले नाही, त्याविषयी ती काही सांगत नाही. धुळीचे अंदाज तत्कालीन प्रतिकृतींवर अवलंबून होते. त्यांतील एक तर प्लांक चमूने परिषदेत दाखविलेल्या, अद्याप अंतिम न झालेल्या नकाशाच्या प्रतिमेवरून काढला होता. मे २०१४ मध्ये फ्लॉजर, हिल व स्पर्जेल तसेच मॉर्टन्सन व सेल्जाक यांनी धुळीचा वाटा संपूर्ण संकेताएवढा असू शकतो, हे दाखवून दिले. जूनमध्ये समकक्ष-परीक्षणानंतर ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा ती प्रतिकृती वगळण्यात आली होती आणि धुळीची शक्यता नाकारता येत नाही, अशी पुस्तीही जोडलेली होती. सप्टेंबरमध्ये प्लांक चमूने ३५३ गिगाहर्ट्झवरील निरीक्षणांच्या आधारे त्याच तुकड्यातील धूळ लक्षणीय असल्याचे दाखविले. संयुक्त विश्लेषणात ‘आर’साठी उरली ती केवळ ०.१२ ही वरची मर्यादा.

५. युक्तिवादाची चिकित्सा

या पार्श्वभूमीवर ग्रंथातील कार्यकारणभावाविषयी चार आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. नोबेलच्या मोहाविषयीचा ग्रंथातील सर्वांत बळकट पुरावा म्हणजे लेखकाचे स्वतःचे मन. ही कबुली प्रामाणिक आणि मौल्यवान आहे. परंतु प्रयोगाचे नेतृत्व घोषणेच्या वेळी जॉन कोव्हॅक, जेमी बॉक, क्लेमेंट प्राइक आणि चाओ-लिन कुओ या चौघांकडे होते, लेखक त्यांत नव्हते. एकाच्या आकांक्षेवरून सर्वांच्या हेतूंचे निदान करणे हे आत्मचरित्राला शोभते, विश्लेषणाला पुरत नाही. गंमत अशी की, नमुना अपुरा असताना व्यापक अर्थ काढणे हाच दोष बायसेप-२ च्या घोषणेतही होता.

दुसरा आक्षेप निदान आणि उपचार यांच्या विसंगतीचा आहे. नोबेल समितीने तीनऐवजी तीनशे मानकरी निवडले किंवा मरणोत्तर सन्मान सुरू केला, तरी १५० गिगाहर्ट्झवरील एकमेव नकाशातून धूळ वेगळी होणार नाही. सुचविलेल्या सुधारणा न्यायाच्या दृष्टीने स्वागतार्ह असतील, परंतु त्या श्रेयवाटपाच्या सुधारणा आहेत. त्या चुकीच्या प्रतिबंधाच्या सुधारणा नाहीत.

तिसरा आक्षेप प्रतिउदाहरणाचा आहे. गुरुत्वीय लहरींच्या थेट शोधासाठी उभारलेल्या ‘लायगो’ प्रकल्पापुढेही तेच पारितोषिक होते. तेथे सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या व्यक्तींनी यंत्रात गुपचूप एक कृत्रिम संकेत घातला. शेकडो संशोधकांनी सहा महिने त्याचे विश्लेषण केले, निबंधही लिहिला आणि मार्च २०११ मध्ये ‘पाकीट’ उघडल्यावरच तो कृत्रिम असल्याचे त्यांना कळले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरा संकेत आला तेव्हा समकक्ष-परीक्षण पूर्ण होईपर्यंत घोषणा रोखून धरण्यात आली. ती ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली. नोबेल पारितोषिक २०१७ मध्ये मिळाले. मोह तोच असताना शिस्त भिन्न होती आणि फळही भिन्न आले. महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळेची योजना असल्याने हे उदाहरण येथील अभ्यासकांना परके नाही. तथापि न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. लायगोच्या तोडीचा प्रतिस्पर्धी त्या वेळी रिंगणात नव्हता. बायसेप-२ च्या मागे मात्र प्लांकसारखा प्रबळ स्पर्धक होता. म्हणजे या उदाहरणाने पारितोषिकाचा दाब खोटा ठरत नाही, तो पुरेसे कारण नाही एवढेच सिद्ध होते.

चौथा आक्षेप ऐतिहासिक आहे आणि त्याची सामग्री ग्रंथातच आहे. अग्रक्रमाची ओढ नोबेलपूर्व काळातही तितकीच तीव्र होती. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीविषयीचे निरीक्षण अक्षरांची उलटापालट करून कोड्यात दडविले, ते श्रेय सुरक्षित ठेवण्यासाठीच. न्यूटन आणि लायबनिझ यांचा कलनशास्त्राविषयीचा कलह सर्वश्रुत आहे. घाई व गुप्तता यांचे मूळ प्रथमत्वाच्या व्यवस्थेत आहे आणि नोबेल हे तिचे सर्वाधिक झळाळते चिन्ह आहे. चिन्हालाच कारण मानल्यामुळे ग्रंथाचा रोख आकर्षक झाला, पण निदान उथळ राहिले.

यास जोडून आणखी एक उणीव सांगता येईल. ‘गमावणे’ या शब्दाभोवती ग्रंथ फिरत राहिल्याने दुरुस्तीची कथा झाकोळली गेली आहे. एका चमूची घोषणा दहा-अकरा महिन्यांत, प्रतिस्पर्धी चमूशी निरीक्षणांची देवाणघेवाण करून, दोघांच्या संयुक्त स्वाक्षरीने दुरुस्त व्हावी, हे विज्ञानाच्या इतिहासात नित्य घडत नाही. पुढे याच मालिकेतील केक आणि बायसेप-३ या दुर्बिणींनी ९५ आणि २२० गिगाहर्ट्झच्या वारंवारता जोडल्या. २०१८ पर्यंतच्या निरीक्षणांवरून २०२१ मध्ये ‘आर’ची वरची मर्यादा ०.०३६ इतकी खाली आणण्यात आली. कीटिंग यांचा सहभाग असलेल्या, चिलीतील आटाकामा वाळवंटातील सायमन्स वेधशाळेची रचना २७ ते २८० गिगाहर्ट्झ अशा सहा वारंवारतांसाठी आहे. २०१४ च्या चुकीचा खरा धडा त्या रचनेत उतरला आहे.

६. मराठी वाचकाच्या दृष्टीने

धूळ आणि सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी यांचा संबंध मराठी वाचकाला एका वेगळ्या संदर्भात परिचित आहे. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये मांडलेल्या अर्धस्थिर-स्थिती विश्वरचनेत ही पार्श्वभूमी म्हणजे धातूंच्या सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केलेला ताऱ्यांचा प्रकाश होय, असा विचार होता. वैज्ञानिक समुदायाने तो स्वीकारला नाही. पण प्रस्थापित अर्थाशेजारी पर्यायी अर्थ उभा करून पाहण्याची जी सवय २०२५ मध्ये निवर्तलेल्या नारळीकरांनी आयुष्यभर जपली, तिचीच उणीव मार्च २०१४ च्या पत्रकार परिषदेत होती. पर्याय चूक असू शकतो, तरीही तो तपासण्याची शिस्त चूक ठरत नाही.

दुसरा संदर्भ अधिक जवळचा आहे. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची गणना होऊ लागल्यापासून महाविद्यालयीन अध्यापकांना बाह्य प्रलोभनाचा प्रश्न अपरिचित राहिलेला नाही. त्या व्यवस्थेवर टीका करणे रास्त आहे. परंतु सदोष निबंधाचे सारे उत्तरदायित्व गुणांकन पद्धतीवर टाकता येत नाही. नमुना अपुरा होता काय, पर्यायी स्पष्टीकरण तपासले काय, हे प्रश्न पद्धती बदलली तरी संशोधकालाच विचारावे लागतात. कीटिंग यांच्या ग्रंथाची मर्यादा येथे अध्यापकवर्गाला स्वतःच्या संदर्भात तपासून पाहता येते.

७. निष्कर्ष

अ) ध्रुवणाचे मापन आणि संशोधकाचे अंतरंग एकाच ग्रंथात इतक्या मोकळेपणाने क्वचितच मांडले गेले आहेत. प्रयोगाची घडण सांगणारी प्रकरणे भौतिकशास्त्राबाहेरच्या वाचकालाही उद्बोधक आहेत.

आ) नोबेलच्या नियमांवरील टीका श्रेयाच्या न्याय्य वाटपाच्या अंगाने ग्राह्य आहे.

इ) बायसेप-२ च्या चुकीचे कारण म्हणून मात्र ती अपुरी आहे. चुकीचे निकटचे कारण एकाच वारंवारतेवरील मापन आणि धुळीच्या अनिश्चिततेला दिलेले अल्प महत्त्व हे होते. प्रथमत्वाच्या स्पर्धेने सबुरीचा कालावधी कमी केला आणि पारितोषिकाने त्या स्पर्धेला धार दिली, एवढेच म्हणता येते.

ई) यंत्राची परीक्षा आणि अर्थाची परीक्षा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीत उत्तीर्ण झालेला संकेत दुसरीत अनुत्तीर्ण होऊ शकतो. कोणत्याही ज्ञानशाखेतील संशोधकाने या घटनेतून घ्यावयाचा बोध हा आहे. कीटिंग यांच्या ग्रंथात त्याची सर्व सामग्री उपलब्ध असूनही त्याचा उच्चार मात्र दबलेल्या स्वरात झाला आहे.